प्रयोगातील गटांची तुलना : प्रश्न आधी, कसोटी नंतर

सांख्यिकीच्या वर्गांत जगभर वापरली जाणारी एक छोटीशी सारणी आहे. तीत तीस रोपांची वाळवून घेतलेली वजने आहेत : दहा रोपे नेहमीच्या स्थितीत वाढवलेली, दहांवर एक प्रक्रिया केलेली आणि उरलेल्या दहांवर दुसरी. ॲनेट डॉब्सन यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकातून ती ‘आर’ या संगणकप्रणालीत आली आणि तिथून असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती पडली. नियंत्रण गटाची सरासरी ५.०३२, पहिल्या प्रक्रियेची ४.६६१ आणि दुसरीची ५.५२६. तिन्ही गट एकत्र तपासणारे प्रचरण विश्लेषण केले, तर एफ-गुणोत्तर ४.८५ येते आणि पी-मूल्य ०.०१६. म्हणजे तिन्ही स्थितींचा परिणाम मुळात सारखाच असता, तर सरासऱ्यांमध्ये एवढी किंवा याहून अधिक तफावत निव्वळ योगायोगाने शंभरात दीड-दोन वेळाच दिसली असती.

इथवर वाद नाही. अडचण पुढे आहे : फरक आहे, तर तो कोणाकोणात? तिन्ही जोड्या तपासल्या आणि एकाहून अधिक तुलना केल्याची भरपाई करणारी टुकी यांची पद्धत वापरली, तर नियंत्रण आणि पहिली प्रक्रिया यांच्यातील फरकाचे पी-मूल्य ०.३९ येते, नियंत्रण आणि दुसरी प्रक्रिया यांचे ०.२०, आणि दोन प्रक्रियांमधील फरकाचे ०.०१२. दोन्ही प्रक्रिया एकमेकींपासून वेगळ्या ठरतात. नियंत्रणापासून मात्र एकही वेगळी ठरत नाही. आता प्रश्न थोडा बदलावा. ‘काहीही प्रक्रिया केली, तर सरासरीने फरक पडतो का?’ असे विचारून दोन्ही प्रक्रियांची एकत्रित सरासरी नियंत्रणाशी ताडून पाहिली, तर पी-मूल्य ०.८० च्या आसपास जाते. एका प्रक्रियेत सरासरी खाली गेली, दुसरीत वर आली आणि बेरजेत दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. आकडे तेच, उत्तरे निरनिराळी, आणि त्यांतले एकही चुकीचे नाही. प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे, एवढेच. ‘कोणती चाचणी लावू?’ असे विचारणाऱ्याला जाणकार सल्लागार उलट विचारतो तो प्रश्न म्हणून हाच असतो : प्रयोग कशासाठी केला होता?

पंचेचाळीस जोड्या

गट वाढले की जोड्या त्याहून वेगाने वाढतात. तीन गटांच्या तीन जोड्या, पाचांच्या दहा, दहा गटांच्या पंचेचाळीस. प्रत्येक तुलनेत पाच टक्के चुकीची मुभा घेतली, तर पंचेचाळीस तुलनांत, कुठेही खरा फरक नसताना, सरासरीने दोनाहून अधिक ‘सार्थक’ फरक हाती लागतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गट निवडून त्यांचीच तुलना केली, तर फसगत आणखी मोठी. कॉक्रन आणि कॉक्स यांच्या प्रयोगरचनेवरील प्रसिद्ध ग्रंथातील हिशेबानुसार, फरक मुळीच नसतानाही असा अंत्य फरक पाच टक्क्यांची साधी मर्यादा तीन गटांत सुमारे १३ टक्के वेळा ओलांडतो, सहा गटांत ४० टक्के, दहा गटांत ६० टक्के आणि वीस गटांत ९० टक्के वेळा. वीस वाणांच्या चाचणीत पहिला वाण शेवटच्यापेक्षा ‘सार्थकपणे’ सरस ठरला, यात त्यामुळे फारसे काही सांगितलेले नसते.

भारतीय कृषिसंशोधनात ही मर्यादा रोजच्या वापरातली आहे. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत प्रत्येक तक्त्याच्या तळाशी ‘सी. डी.’ म्हणजे क्रांतिक फरक छापलेला असतो : दोन सरासऱ्यांतील अंतर याहून अधिक असेल तर फरक सार्थक, कमी असेल तर दोन्ही समान मानावेत. या प्रबंधांतून हमखास भेटणारा संदर्भ म्हणजे पानसे आणि सुखात्मे यांचे शेतीसंशोधकांसाठी लिहिलेले सांख्यिकीचे पुस्तक. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते १९५४ साली प्रसिद्ध केले. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून आलेले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. डॉ. व्ही. जी. पानसे यांची कारकीर्द घडली ती इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, कापसाच्या प्रयोगांवर. भारतातील शेतीप्रयोगांना शिस्त लावण्यात या दोघांचा वाटा फार मोठा आहे.

क्रांतिक फरकात दोष नाही. तो कसा वापरला जातो यात आहे. ही रीत रोनाल्ड फिशर यांची, आणि तिला एक अट जोडलेली आहे : आधी सर्व गटांची एकत्रित एफ-चाचणी सार्थक यावी, मगच जोड्यांकडे वळावे. गट तीनच असतील, तर ही अट पुरेशी राखण करते. वरच्या तीस रोपांत क्रांतिक फरक ०.५७ येतो आणि त्याने निघणारा निष्कर्ष टुकी यांच्यासारखाच निघतो. परंतु गट दहा-पंधरा असतील आणि त्यांतील एकच खरोखर वेगळा असेल, तर त्या एकाच्या जोरावर एफ-चाचणी सार्थक येते, दार उघडते आणि उरलेल्या सारख्याच गटांमधले योगायोगाचे फरकही त्याच दारातून आत शिरतात. प्रबंधांत नेमकी हीच स्थिती वारंवार आढळते.

पर्याय कोणते?

यावरचे उपाय विसाव्या शतकाच्या मध्यास एकापाठोपाठ आले. त्यांची नावे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक उपाय कोणत्या गरजेतून आला, हे लक्षात ठेवणे अधिक उपयोगाचे.

सर्व जोड्यांत खरेच रस असेल, तर जॉन टुकी यांची १९५३ ची पद्धत योग्य. सगळ्या जोड्या मिळून एकही खोटा फरक जाहीर होण्याची शक्यता ती पाच टक्क्यांत ठेवते. रोपांच्या उदाहरणात तिची मर्यादा ०.६९ होते, म्हणजे क्रांतिक फरकाहून बरीच कडक. मात्र सर्व जोड्यांत खरा रस क्वचितच असतो. नवे नऊ वाण प्रचलित वाणाशी ताडून पाहायचे असतात, तेव्हा नव्या वाणांची आपसांतली बरोबरी कोणी विचारलेलीच नसते. तिथे चार्ल्स डनेट यांची १९५५ ची पद्धत वापरावी. पंचेचाळीसऐवजी नऊच तुलनांची किंमत मोजावी लागते. डनेट यांनी एक व्यावहारिक गोष्टही दाखवून दिली होती, जी इकडे फारशी पाळली जात नाही. नियंत्रण गट प्रत्येक तुलनेत येतो, म्हणून त्याला अधिक वाफे द्यावेत, साधारणपणे प्रक्रियांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पट. नऊ वाण असतील तर प्रचलित वाणाला प्रत्येक नव्या वाणाच्या तिप्पट जागा. असे केले तर तेवढ्याच शेतात फरक ओळखण्याची ताकद वाढते.

मोजक्याच, आधी ठरवलेल्या तुलना असतील तर बोन्फेरोनी यांच्या नावाने ओळखली जाणारी सोपी रीत पुरते : प्रत्येक पी-मूल्याला तुलनांच्या संख्येने गुणावे. होल्म यांनी १९७९ मध्ये सुचवलेली पायरीपायरीची रीत तेवढेच संरक्षण देते आणि खरे फरक कमी गमावते, त्यामुळे साध्या बोन्फेरोनीला चिकटून राहण्याचे कारण उरत नाही. आकडे पाहिल्यानंतर सुचलेल्या, दोनांची सरासरी विरुद्ध तिसरा अशा वाटेल त्या तुलनांसाठी शेफे यांची पद्धत आहे. ती एवढी कडक असते की साध्या जोड्यांसाठी ती वापरणे म्हणजे स्वतःचेच नुकसान. हजारो जनुके एकाच वेळी तपासली जातात तिथे एकही खोटा फरक नको, हा आग्रहच परवडत नाही. तिथे जाहीर केलेल्या फरकांपैकी खोट्यांचे सरासरी प्रमाण आटोक्यात ठेवण्याची, बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली दृष्टी कामी येते.

डंकन यांची १९५५ ची बहुस्तरीय चाचणी मात्र जपून वापरावी. सरासऱ्यांपुढे अ, आ, इ अशी अक्षरे लावणाऱ्या तक्त्यांमुळे ती शेती आणि अन्नविज्ञानात अतिशय लोकप्रिय झाली. पण दहा गटांत कुठेही फरक नसताना निदान एक खोटा फरक जाहीर करण्याची शक्यता ती ३७ टक्क्यांपर्यंत जाऊ देते. ती लोकप्रिय होण्यामागे हेही एक कारण असावे.

आणि कित्येकदा जोड्यांची तुलनाच अप्रस्तुत असते. हेक्टरी ०, ४०, ८०, १२० किलो नत्र देऊन उत्पन्न मोजले, तर हे चार वेगळे गट नाहीत, एका रेषेवरचे चार बिंदू आहेत. प्रश्न आहे तो उत्पन्न कसे चढते आणि कुठे थबकते हा. त्यासाठी रेषीय आणि वक्र कल तपासावा, समाश्रयणाची रेषा काढावी. ‘४० आणि ८० किलो समान, ८० आणि १२० समान, पण ४० आणि १२० भिन्न’ या अक्षरी निष्कर्षाने शेतकऱ्याने किती खत टाकावे, हे काही कळत नाही.

फरकांमधला फरक

याहून अधिक पसरलेली एक चूक आहे, आणि ती कोणत्याही तक्त्यात उठून दिसत नाही. औषध दिलेल्या गटात आधीच्या आणि नंतरच्या मापांत सार्थक फरक आला; नियंत्रण गटात तो आला नाही; म्हणून औषध गुणकारी. वाचताना पटते, पण यात दोन गटांची तुलना झालेलीच नाही. एका गटाचे पी-मूल्य ०.०४ आणि दुसऱ्याचे ०.०७ असले, तर दोहोंतले बदल जवळपास सारखेही असू शकतात. तपासायला हवा तो एका गटातील बदल आणि दुसऱ्या गटातील बदल यांमधला फरक. घटकीय प्रयोगात त्यालाच आंतरक्रिया म्हणतात.

ही चूक कच्च्या विद्यार्थ्यांपुरती नाही. न्यूवेनहाउस, फोर्स्टमन आणि वागनमाकर्स यांनी २०११ मध्ये मेंदूविज्ञानातील पाच अग्रगण्य नियतकालिकांमधले ५१३ लेख तपासले. १५७ लेखांत ही चूक होण्याचा प्रसंग आला होता. ७८ जणांनी योग्य तुलना केली होती, ७९ जणांनी चुकीची. नाणे उडवून निर्णय घेतला असता तरी हेच प्रमाण निघाले असते!

जोडलेली मापे जोडूनच पाहावीत, हा याच प्रश्नाचा दुसरा पदर. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहातले विल्यम गॉसेट यांनी १९०८ च्या आपल्या लेखात एक उदाहरण घेतले होते : दहाच रुग्ण, त्यांना आळीपाळीने दिलेली झोपेची दोन औषधे आणि प्रत्येकाने मिळालेली अधिकची झोप. एका औषधाने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३. ही वीस मापे वीस वेगळ्या माणसांची समजून चाचणी केली तर पी-मूल्य ०.०७९ येते. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच दुसऱ्या मापाशी केली तर ०.००२८. माणसामाणसातला झोपेचा फरक वजा होतो आणि औषधांमधला फरक स्पष्ट दिसू लागतो. शेतात हेच काम खंड करतात : उताराची जमीन एका खंडात, सखल दुसऱ्या खंडात, आणि प्रत्येक खंडात सर्व प्रक्रिया.

मोजायचे काय, रोप की कुंडी?

कसोटी कितीही योग्य असली, तरी तिला दिलेली आकड्यांची संख्या खोटी असेल तर सारे व्यर्थ. एका टाकीतल्या पन्नास माशांना एक खाद्य, दुसऱ्या टाकीतल्या पन्नासांना दुसरे, आणि विश्लेषणात शंभर मासे. प्रत्यक्षात इथे दोनच टाक्या आहेत. माशांमधला फरक खाद्याचा की पाण्याचा, हे या प्रयोगातून कळूच शकत नाही. परिसरविज्ञानातील अशा खोट्या पुनरावृत्तीवर हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये लिहिलेला लेख गाजला. प्रक्रिया ज्या घटकाला चिठ्ठ्या टाकून नेमून दिली, तोच मोजणीचा घटक, हा साधा नियम त्यातून सर्वदूर गेला.

या खड्ड्यात खुद्द फिशरही पडले होते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात ते १९१९ मध्ये रुजू झाले. १९२३ मध्ये विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह त्यांनी बटाट्याच्या बारा जाती आणि खते यांच्यावरील प्रयोगाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रचरण विश्लेषणाच्या इतिहासात तो लेख पहिल्यांपैकी गणला जातो. त्या प्रयोगात एकेका वाफ्याच्या ओळींना पालाशाची निरनिराळी खते दिली होती. वाफ्यावाफ्यांतला फरक आणि एकाच वाफ्याच्या ओळींतला फरक ही दोन वेगळी मापे आहेत; पहिल्या लेखात ती एकत्र धरली गेली. १९२५ च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी याच आकड्यांचा हिशेब पुन्हा मांडला, आणि या वेळी दोन पातळ्यांच्या त्रुटी वेगळ्या ठेवल्या. आज विभाजित वाफ्यांची रचना म्हणून हीच गोष्ट शिकवली जाते. शोधकर्त्याची चूक दोन वर्षांत दुरुस्त झाली; टाकीतले मासे मात्र अजून मोजले जातातच.

आकड्यांचे वितरण प्रसामान्य आहे की नाही, याची धास्ती त्या मानाने अनाठायी असते. गटांचे प्रचरण असमान वाटले तर वेल्च यांची सुधारित चाचणी वापरावी; काही अभ्यासक तर नेहमी तीच वापरावी असे म्हणतात. मापे क्रमवारीचीच असतील, किंवा एक-दोन टोकाची मूल्ये सारे ओढून नेत असतील, तर क्रुस्कल आणि वॉलिस यांची १९५२ ची क्रमाधारित कसोटी आहे. तीस रोपांवर वेल्च यांची चाचणी पी-मूल्य ०.०१७ देते आणि क्रुस्कल-वॉलिस ०.०१८, साध्या विश्लेषणाचे ०.०१६ होते. चाचणी बदलून उत्तर जेमतेम हलले, तुलना बदलून मात्र ०.०१२ पासून ०.८० पर्यंत गेले. तरीही विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ पहिल्याच चिंतेत जातो.

‘सार्थक नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा लावण्याचा मोह तर सार्वत्रिक आहे. दुसऱ्या प्रक्रियेची सरासरी नियंत्रणापेक्षा ०.४९४ ने, म्हणजे जवळपास दहा टक्क्यांनी अधिक आहे. टुकी यांच्या पद्धतीने या फरकाची ९५ टक्के विश्वासाची कक्षा उणे ०.२० ते अधिक १.१९ अशी येते. त्या कक्षेत शून्य आहे, तशी वीस टक्क्यांहून मोठी वाढही आहे. दहा-दहा रोपांच्या प्रयोगाला यातले काय खरे, हे सांगता आलेले नाही, आणि अहवालात तेवढेच लिहायला हवे. पी-मूल्याशेजारी ही कक्षा छापली की वाचकाला ते आपोआप दिसते.

नंतर सुचलेल्या तुलना कुठवर नेतात, याचा सर्वांत बोलका दाखला वैद्यकात सापडतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवर झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीचे निष्कर्ष १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झालेले मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले होते. एवढ्या ठोस निकालानंतर वय, लिंग, आधीचे आजार अशा उपगटांत औषध कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही, हे शोधण्याचा मोह होणारच. म्हणून संशोधकांनी हेतुपूर्वक आणखी एक विभागणी छापली, जन्मराशीची. पाश्चात्त्य पद्धतीने मिथुन आणि तूळ राशींत जन्मलेल्यांना ॲस्पिरिनने किंचित अपायच झालेला दिसला, मृत्यू नऊ टक्क्यांनी अधिक. उरलेल्या दहा राशींत ते २८ टक्क्यांनी कमी. त्याच लेखात वय, लिंग आणि रक्तदाब यांनुसार पाडलेले उपगटही आहेत, आणि तेही आकड्यांच्या त्याच रीतीने मांडलेले आहेत.